सुटा थिनर आणि बंद खोल्या

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम आणि फर्निचरचे पॉलिश सुरू होते. त्यासाठीचा थिनर हार्डवेअरच्या दुकानांत पाण्याच्या जुन्या बाटलीत सुटा मिळतो. ना लेबल, ना धोक्याची खूण. पोरांनी पाणी समजून तोंडाला लावला तर?

अनेक थिनरमध्ये टोल्यूईन असते. रंग, लॅकर, चिकटद्रव्ये विरघळवायला ते उत्तम, म्हणूनच इतके वापरले जाते. पण सुमारे 4 अंश सेल्सिअस तापमानालाही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. शिवाय ही वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती वर जात नाही, फरशीलगत पसरत दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरते. तिथे देवघरात निरांजन तेवत असेल, तर ज्वाळा उलट बाटलीपर्यंत धावत येते. त्यावर पाणी ओतू नये. टोल्यूईन पाण्यावर तरंगते आणि आग आणखी पसरते. उरलेला थिनर मोरीत ओतणेही तितकेच घातक.

सगळ्यात वाईट वाटते ते कारागिरांचे. शेजाऱ्यांना वास नको म्हणून त्यांना दारे-खिडक्या लावून काम करायला लावतात. डोके दुखते, गरगरते, मळमळते. तोंडाला बांधलेल्या रुमालाने वाफ अडत नाही.

प्रशासनाने दिवाळीआधी ही सुटी विक्री थांबवावी, सीलबंद डब्यांवर ठळक मराठी सूचना सक्तीची करावी. सोसायट्यांनीही रंगकामाला परवानगी देताना खिडक्या उघड्या ठेवण्याची अट घालावी.

– एक वाचक, ठाणे