वेळ तीच, तरी टेस्ट फेल

मा. संपादक,
स. न.

‘अपेक्षित १०:१५:३०, मिळाले १०:१५:३०’ असा फेल्युअर मेसेज सॉफ्टवेअरच्या टेस्ट चालवणाऱ्या कुणालाही नवा नाही. फरक खराच असतो, पण छापताना सेकंदाचा अपूर्णांक गळालेला असतो. मग ‘एक सेकंद इकडेतिकडे चालेल’ अशी सूट देऊन टेस्ट हिरवी (पास) केली जाते. हा इलाज आम्हाला मान्य नाही. आधी मेसेज दुरुस्त व्हावा, मग टेस्ट.

अपूर्णांक बहुधा डेटाबेसच्या फेरीत, म्हणजे वेळ साठवून परत वाचताना, बदलतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या ८ व्या आवृत्तीचे घड्याळ मिलिसेकंदापर्यंतच (सेकंदाचा हजारावा भाग) वेळ देई. ९ पासून प्रिसिजन (अपूर्णांकाचे अंक) वाढले आणि लिनक्सवर आता नॅनोसेकंद (अब्जावा भाग) मिळतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस मात्र मायक्रोसेकंदावर (दशलक्षावा भाग) थांबतो, त्यामुळे .१२३४५६७८९ साठवले की .१२३४५७ परत येते. मॅकवर घड्याळच मायक्रोसेकंदाचे असल्याने तीच टेस्ट पास होते आणि लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर (जिथे कोड आपोआप तपासला जातो) पडते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या डेटटाइम (तारीख-वेळ) रकान्याला अपूर्णांकाचे किती अंक ठेवायचे ते सांगितले नाही तर अपूर्णांक राहतच नाही. शिवाय नेहमीच्या सेटिंगमध्ये तो कापला जात नाही, राउंड होतो, म्हणजे जवळच्या पूर्ण सेकंदाला जातो. २३:५९:५९.६ ही वेळ दुसऱ्या दिवशीचे ००:००:०० होऊन परतते. तारीख बदलली, फरक मात्र ०.४ सेकंद! एक सेकंदाची सूट नेमकी हीच चूक पोटात घालते.

मेसेजमध्ये नऊ अंकी अपूर्णांक, टाइमझोनचा ऑफसेट (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक) आणि दोन्ही मूल्यांचा डेटा टाइप छापावा. वरच्या पोस्टग्रेसच्या उदाहरणात ‘फरक २११ नॅनोसेकंद’ एवढी ओळ असती, तरी राउंडिंगचा संशय लगेच आला असता. वेळ छापायला रूबी भाषेत २.७ आवृत्तीपासून ‘इन्स्पेक्ट’ अपूर्णांक दाखवते, ‘टू_एस’ दाखवत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘टूस्ट्रिंग’ऐवजी ‘टूआयएसओस्ट्रिंग’ घ्यावे, मिलिसेकंद दिसतात. पायथन मायक्रोसेकंद शून्य असले की तो भागच गाळते. तिथे ‘आयसोफॉरमॅट’ला टाइमस्पेक (किती अंक हवेत ते) ‘मायक्रोसेकंद्स’ दिला की अंक कायम राहतात. वेळ फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) सेकंद म्हणून छापणे तर टाळावेच: आजच्या युनिक्स वेळेला (१९७० पासूनचे सेकंद) ६४ बिटांच्या फ्लोटची पायरी सुमारे २४० नॅनोसेकंदांची पडते, त्याखालचे अंक निव्वळ शोभेचे.

दुरुस्ती टेस्टमध्ये नव्हे, कोडमध्ये करावी. वेळ घेतली की लगेच, साठवण्याआधीच, रकान्याच्या प्रिसिजनपर्यंत कापावी, म्हणजे डेटाबेसला राउंड करायला काही उरत नाही. कोडला हात लावता येत नसेल आणि सूट द्यावीच लागली, तर मायक्रोसेकंदाच्या रकान्यासाठी एक मायक्रोसेकंद पुरे, कारण राउंडिंगचा फरक ५०० नॅनोसेकंदांपुढे जात नाही.

आणि टेस्टसाठी घड्याळ गोठवताना, म्हणजे कोडला ठरावीक वेळच देताना, ते पूर्ण सेकंदावर गोठवू नये. .९८७६५४३२१ सारखा अपूर्णांक द्यावा. शून्यावर गोठवलेल्या घड्याळाला यांतली एकही चूक दिसत नाही.

आपले,
टेस्टिंग क्षेत्रातील काही वाचक