औलीच्या लेखात जोशीमठ कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतील उत्तराखंडातल्या औलीच्या स्कीइंगवरचा लेख दोनदा वाचला. उतार, भाड्याने मिळणारे बूट, नवी हॉटेले, सारे त्यात सविस्तर आहे. मात्र ज्या गावातून माणूस औलीला चढतो, त्या जोशीमठाचा उल्लेख केवळ मुक्कामाची सोय म्हणून यावा, याचे वाईट वाटले आणि रागही आला.

जानेवारी 2022 मध्ये आम्ही इंदूरहून बारा जण तेथे गेलो होतो. उतरलो त्या घराच्या जिन्यालगतच्या भिंतीत बोटाचे पेर जाईल एवढी भेग होती. मालकांनी ती दोनदा सिमेंटने बुजवून दर वेळी शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली होती, आणि दुसऱ्या तारखेपाशीही ती पुन्हा उघडली होती. आम्ही मात्र रोज बादल्या भरभरून ऊन पाणी वापरत होतो. हे पाणी जाते कुठे, असे विचारल्यावर त्यांनी परसातला शोषखड्डा दाखवला. जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेल्या गावाच्या पोटात आपण पाणी मुरवत आहोत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. पुढच्याच जानेवारीत जमीन खचून तेथील आठशेहून अधिक इमारतींना तडे गेल्याचे आणि औलीचा रोपवे बंद ठेवल्याचे वाचले, तेव्हा आधी आठवल्या त्या पेन्सिलच्या तारखा.

दोष एकट्या पर्यटनाचा नाही; बोगदे, रस्ते आणि पायथा कुरतडणारी अलकनंदाही आहे. परंतु जड बांधकाम टाळा, झाडे तोडू नका, सांडपाण्याचा पक्का निचरा करा, असे जोशीमठ का खचते हे तपासण्यासाठी नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 सालीच बजावले होते. झाडे आणि निचरा गेल्यावर अशा गावात पावसाचा एक मोठा तडाखा सोसण्याची ताकद उरत नाही. तरीही गटारांआधी हॉटेले कशी उभी राहिली, हे आपल्या लेखकाने विचारायला हवे होते.

आणखी एक खंत सांगते. इंदुरात ओला-सुका कचरा कटाक्षाने वेगळा करणाऱ्या आमच्यातल्याच काहींनी औलीच्या बर्फात थर्माकोलच्या ताटल्या टाकल्या. मी त्या उचलल्या, पण कोणाला बोलले नाही, याची आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी त्याच जागी मिश्रा समितीच्या शिफारशी छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक जुनी वाचक,
रामबाग, इंदूर