स्पितीतले थर सह्याद्रीसारखे वाचू नका

मा. संपादक,
स.न.

हिमाचलातल्या स्पितीवरच्या प्रवासलेखांत लांगझा गावचे काळे गोटे, त्यांतले शाळिग्राम (अमोनाइट या गुंडाळीदार शंखाच्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म) आणि 'खालचा थर जुना, वरचा नवा' हे वाक्य हमखास असते. सह्याद्रीत ते खपून जाते, कारण आपले बेसॉल्टचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरले ते अजून जवळजवळ आडवेच आहेत. स्पितीत थरांच्या वळ्या (घड्या) पडल्या आहेत. काही ठिकाणी ते चक्क उलटे झाले आहेत.

मूळ क्रम असा: किओटो चुनखडी, तिच्यावर स्पिती शेल (चिखलाचा, पत्र्यांसारखा सुटणारा मऊ खडक), मग ग्युमाल वालुकाश्म आणि माथ्यावर चिक्किमची चुनखडी व शेल. अमोनाइटचे गोटे स्पिती शेलमधले. तिचा बहुतेक भाग जुरासिक. माथ्याचा थोडासाच क्रिटेशसमध्ये, म्हणजे जुरासिकनंतरच्या कालखंडात येतो. तेव्हा लांगझाच्या प्रत्येक शाळिग्रामाला क्रिटेशस म्हणू नये. खरे क्रिटेशस म्हणजे ग्युमाल आणि चिक्किम. ही नावे तिथल्याच गावांची.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला भिडला, तेव्हा टणक किओटो चुनखडीच्या मोठमोठ्या वळ्या झाल्या. मऊ शेल मात्र घसरली, चुरगळली, स्वतःवरच दुमडली. जाडी काढणारे इथेच फसतात. सपाट जमिनीवर, थर ज्या आडव्या रेषेत पसरतात तिला काटकोनात मोजलेले २०० मीटर अंतर आणि थरांचा कल (आडव्यापासूनचा उतार) ३० अंश, तर जाडी १०० मीटर. गणित बरोबर, पण मध्ये वळी दडली असेल तर तोच थर दोनदा मोजला गेलेला असतो.

उलटा थर ओळखायला होकायंत्र, कलमापक आणि दहापट भिंग पुरते. वालुकाश्मात दाणे भरडाकडून बारीक होत जातात ती बाजू मूळची वरची. शेलमध्ये दाबाने पडलेल्या पत्र्यांचा कल आणि थराचा कल एकाच दिशेला असून थराचा कल जास्त तीव्र असेल, तर थर बहुधा उलटा आहे. एका जागी पाहून निकाल देऊ नये. चुनखडी ओळखताना दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब फसफसला एवढ्यावर विसंबू नका. वालुकाश्मातले दाणे जोडणारा चुन्याचा बांधही फसफसतो. भिंगाखाली वाळूचे दाणे दिसतात का, ते आधी बघा. चिक्किममधले ग्लोबोट्रंकानासारख्या सूक्ष्म समुद्री जीवांचे जीवाश्म तर सूक्ष्मदर्शकाखाली, पातळ काप करूनच दिसतात.

आपल्या पुरवणीच्या लेखकांना एक विनंती. ओघळीतून उचललेला किंवा गावात विकत घेतलेला गोटा कोणत्या थरातून सुटला हे सांगता येत नाही, म्हणजे वय ठरवायला तो जवळपास निरुपयोगी. 'आठवण म्हणून घेऊन या' असे छापण्यापेक्षा थरात बसलेल्या गोट्याचा फोटो छापावा. त्यात मापासाठी नाणे, थराचा कल आणि जागेची नोंद असली की पुरे.

– भूशास्त्राचे दोन अभ्यासक, पुणे