जप्तीतून काय सुटते, हे नोटिशीवरच छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सुभाषनगरातील एक चप्पल कारागीर सल्ल्यासाठी माझ्याकडे आला. सावकाराने मिळवलेल्या हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या वसुलीच्या निकालाची) दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाली असून बेलीफ (न्यायालयाचा जप्ती करणारा कर्मचारी) जप्तीला येणार, एवढे कानावर पडताच त्याने रापी, आरी आणि शिलाई मशीन रातोरात बहिणीच्या घरी नेऊन ठेवले होते, आणि आठ दिवस तो कामाविना बसून होता. कायद्याने ज्या हत्यारांना हातही लावता येत नाही, ती लपवण्यापायी त्याची आठ दिवसांची कमाई बुडाली, याचे मला फार वाईट वाटले.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेपुरती जनावरे व बियाणे, घरातील आवश्यक कपडे, भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहत असलेले त्याचे घरही सुटते. मजुराची मजुरी पूर्णपणे सुरक्षित आहे. पगारदाराचे, पोटगीचा हुकूमनामा वगळता, पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग सुटतो. म्हणजे १६,००० रुपये पगारातून महिन्याला ५,००० रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत, आणि एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिने जप्ती झाली की त्यापुढे ती करता येत नाही. ‘हे संरक्षण मी सोडतो’ असे कुणी लिहून घेतले असले, तरी तो करार रद्दबातल ठरतो. तारण दिलेल्या मालमत्तेची गोष्ट मात्र निराळी आहे, हे कर्ज घेतानाच ध्यानात ठेवावे.

यातील १,००० रुपयांची मर्यादा २००२ पासून तशीच आहे. आजच्या महागाईत ती वाढवलीच पाहिजे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तीच्या, कर्जवसुलीतून वगळलेल्या मालमत्तेची बरी यादी आहे, पण तो भाग आजवर केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला असल्याने सामान्य कर्जदाराला त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेत अशी सूट राज्याराज्यांत वेगळी आहे. टेक्सासमध्ये राहते घर, त्याची किंमत कितीही असली तरी, जमिनीच्या ठरावीक क्षेत्रापर्यंत सुरक्षित राहते आणि साध्या कर्जापोटी पगार जप्त होत नाही. तिथे दिवाळखोरीचा अर्ज करणाऱ्याला कोणती मालमत्ता सूट म्हणून राखायची आहे, हे ठरलेल्या नमुन्यातच भरावे लागते, त्यामुळे असा हक्क असतो हे त्याला त्या कागदावरूनच कळते. आपल्याकडे ते वकिलाने सांगितले तरच कळते, आणि वकील करायला पैसे नसणाऱ्याच्याच दारी बेलीफ बहुधा येतो.

म्हणून कलम ६० मधील यादी सोप्या मराठीत जप्तीच्या नोटिशीच्या पाठीमागे छापावी आणि तोवर बेलिफाने ती कर्जदाराला दारातच वाचून दाखवावी, अशी न्यायालयीन प्रशासनाला माझी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वकील, कसबा बावडा, कोल्हापूर