मुतखड्याच्या पथ्यात मीठ कुठे गेले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल आपल्या रविवारच्या पुरवणीतला मुतखड्यावरचा लेख वाचला. टोमॅटो-पालक वर्ज्य, दूध-दही बंद, साध्या मिठाऐवजी सैंधव आणि भरपूर पाणी. अर्धे पान मजकूर, पण मीठच कमी करा असे एक वाक्य त्यात सापडले नाही. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, दिवस आहेत, घरोघरी बरण्या भरल्या जात आहेत आणि गोव्यातले दैनिक नेमके हेच सांगायचे सोडते, याचा राग आला म्हणून लिहिते आहे.

आमच्या थोरल्या दिरांनी हेच पथ्य वर्षानुवर्षे पाळले. पहिला खडा पडला तेव्हा कोणीतरी सांगितले, खडा कॅल्शियमचा असतो, दूध सोडा. तेव्हापासून चहा कोरा, आणि दह्याची वाटी पुढे केली की हात आडवा. पेज मात्र चेपणीतल्या तोराशिवाय, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैरीशिवाय, घशाखाली उतरत नसे. पावसात निखाऱ्यावरचा खारा बांगडा, तो नसला तर लोणच्याचा खार. एका रात्री पुन्हा कळ आली. कमरेतून जांघेत उतरणारी ती कळ ज्याने पाहिली आहे त्यालाच कळेल. ओटा धरून उभे होते, बसवत नव्हते की पडवत नव्हते. नंतर डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून तपासायला लावली. सोडियम दोनशे मिलिमोलच्या वर. म्हणजे दिवसाला बारा ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जात होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते पाच ग्रॅमच्या आत, जेमतेम एक सपाट चमचा. दीर म्हणाले, ‘‘पण मी दुधाचा थेंब घेत नाही!’’

कारण साधे आहे. जादा सोडियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात, तेव्हा त्याच्याबरोबर कॅल्शियमही लघवीत उतरते. दूध बंद केले तर आतड्यात ऑक्झलेटला (पालकासारख्या भाज्यांतून येणाऱ्या द्रव्याला) धरून ठेवणारे कॅल्शियम कमी पडते, मग ते ऑक्झलेट रक्तात शिरून लघवीत येते आणि तिथे खडा धरतो. इटलीत पार्माच्या डॉक्टरांनी लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे, वारंवार खडे होणारे 120 पुरुष पाच वर्षे पाहिले. कॅल्शियम तोडलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढे ठेवून मीठ आणि मांस-मासळी कमी केलेल्या 60 पैकी 12 जणांना. हे 2002 साली छापून आले आहे, मग 'दूध बंद करा' हा सल्ला आजही कसा छापला जातो? सैंधवही शेवटी सोडियम क्लोराइडच. सगळेच खडे एका जातीचे नसतात, युरिक ॲसिडचेही असतात. तेव्हा खडा तपासून घ्या, एवढे तरी लेखात हवे होते.

मी मिठावर उठलेली नाही. आगरवाड्याची मिठागरे आमच्या पेडण्याची शान आहेत आणि पुरुमेंत बंद करा असे मी कोणाला सांगणार नाही. आमच्या घरी आता तोर आदल्या रात्री पाण्यात पडते, बांगडा दोन पाण्यांतून निघतो, आणि दोन्ही एकाच दिवशी पानात येत नाहीत. दिरांची दह्याची वाटी परत आली आहे.

आता त्या 'भरपूर पाणी प्या'बद्दल. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला हवे, हे खरेच. पण आमच्या बाजारात सकाळी सहाला मासळी घेऊन बसणाऱ्या बायांनी ते कसे प्यावे? तिथल्या शौचालयाला बहुतेक दिवस कुलूप असते. म्हणून त्या दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढतात, तेही मे महिन्याच्या घामात आणि मिठाचे हात घेऊन. त्यांतल्या एकीचा खडा गेल्या वर्षी काढावा लागला. किल्ली कोणाकडे असते हे विचारले तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आपल्या वार्ताहराला एकदा सकाळी तिथे पाठवा आणि त्या कुलपाचा फोटो छापा.

कळावे,
एक नियमित वाचक, पेडणे