शेजारी नट आला म्हणून जागेचा भाव वाढतो का?

मा. संपादक,

आपल्या वास्तुविषयक पुरवणीत अलिबाग किनाऱ्याबद्दल जे छापून येतं ते मी आवर्जून वाचते. अमक्या नटाने जागा घेतली, तमक्या खेळाडूने बंगला बांधला, आता आजूबाजूच्यांचं नशीब उघडलं, असा सूर त्यात असतो. अलिबागला दस्तलेखक म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहिली. त्या अनुभवावरून सांगते, प्रसिद्ध शेजाऱ्यामुळे एजंटने सांगायचा आकडा वाढतो. हातात किती पडणार ते रस्ता आणि सातबारा ठरवतात.

खरेदीखतात शेजाऱ्याचा उल्लेख येतो तो चतुःसीमेत. पूर्वेस अमुक गट नंबर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस अमक्यांची वाडी, उत्तरेस ओहोळ. जाणता खरेदीदार तिथे कोणाचं नाव आहे ते बघत नाही, चारपैकी एका बाजूला रस्ता लिहिलाय का ते बघतो. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी जमीनदरांच्या, तक्त्यातही शेजारी कोण याचा रकाना नाही.

दीपिका-रणवीर यांनी 2021 मध्ये मापगावात आणि विराट-अनुष्का यांनी 2022 मध्ये झिराडजवळ जागा घेतल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. भाव त्यांच्यामुळे चढले असं इथे सर्रास बोललं जातं. पण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट, मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट तासाभरात या किनाऱ्याला लागू लागला. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. येणं-जाणं सोपं झालं म्हणून भाव चढले, आणि त्याच सोयीने मोठी माणसंही आली, असं मला दिसतं.

मोठ्या नावाचा काहीच परिणाम होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. होतो, आणि जो विकत नाही त्याच्यावर जास्त होतो. मोठ्या रकमेचे दस्त गावात नोंदले गेले की पुढच्या रेडी रेकनरचे दर ठरवताना ते विचारात येतात. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर बसतं. ग्रामपंचायतीची घरपट्टीही 2015 च्या दुरुस्तीपासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर, आहे, त्यात रेकनरचा दर येतो, आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. गावठाणातल्या ज्या कोळणीला घर विकायचंच नाही, तिच्या घराची किंमत कागदावर वाढते आणि तिच्या पदरात फक्त पट्टीची पावती पडते.

आमच्याच पट्ट्यातल्या एका गावची गोष्ट. तीन भावांची सामाईक वाडी, नारळ-सुपारीची. शेजारी एका नामांकित व्यक्तीचा बंगला आला. नाव लिहीत नाही. वाडीत जायची वाट विहिरीच्या कडेने त्याच जागेतून होती. नारळ, झावळ्या, शेणखत, सगळं पिढ्यानपिढ्या तिथूनच जायचं. चिऱ्याची भिंत झाली, गेट लागलं, गेटवर पहारेकरी बसला. थोरल्याला एजंटने गुंठ्याचा असा आकडा सांगितला की त्याची झोपच उडाली. मुंबईचा खरेदीदार टोकन देऊन गेला, पुन्हा बघायला आला आणि गेटपाशीच अडला. गाडी कुठून न्यायची, या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हतं. मग सातबारा निघाला. त्यातल्या ‘इतर हक्क’ या रकान्यात रस्त्याची नोंद नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणींची नावं वारस म्हणून कायम, त्यांना कोणी विचारलेलंही नाही. टोकन परत गेलं. धाकटा त्याच वाडीतल्या घरात राहतो, त्याला विकायचं नव्हतंच. ‘तू आडवा आलास म्हणून व्यवहार मोडला’ असं थोरल्याने त्याला सुनावलं. त्या घरचा गणपती आता दोन ठिकाणी बसतो.

ही मंडळी माझ्याकडे कागद घेऊन आली तेव्हा भिंत होऊन वर्ष उलटलं होतं. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढायला तहसीलदाराकडे जाता येतं, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपल्या वाचकांत कोणाची वाट अशी अडली असेल तर त्यांनी बांधकाम पुरं व्हायची वाट बघू नये. मुदत गेली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली शेताच्या हद्दीवरून रस्ता मागता येतो. या घराला मी तोच अर्ज करून दिला. तो अजून प्रलंबित आहे.

मे 2025 मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायचा निर्णय काढला. किनाऱ्यावरच्या वाड्यांच्या वाटा त्यात आधी घ्या, भिंती उभ्या राहण्याआधी, अशी माझी महसूल खात्याला कळकळीची विनंती आहे. आणि संपादक महोदय, पुढच्या वेळी कोणा तारकेच्या खरेदीची बातमी द्याल तेव्हा बातमीदाराला त्या जागेच्या मागच्या घरीही पाठवा. तिथली माणसं आता कुठून ये-जा करतात आणि त्यांची घरपट्टी किती झाली, तेही छापा.

– एक निवृत्त दस्तलेखिका, ता. अलिबाग, जि. रायगड