'वादकांची समर्पक साथ लाभली'

महोदय,

गेल्या आठवड्यात शहरात झालेल्या जुन्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमाचे वृत्त वाचले. दोन्ही गायकांची नावे आहेत, निवेदिकेचे आहे, दीपप्रज्वलन करणारे चार मान्यवर तर पदांसकट आहेत. आणि शेवटी एक ओळ : 'वादकांची समर्पक साथ लाभली.' ही ओळ मी तीस वर्षे वाचत आलो आहे. नोकरी सांभाळून इथल्या ऑर्केस्ट्रांत मी व्हायोलिन वाजवले. कालिदास कलामंदिरात किती नाईट केल्या याची मोजदाद नाही. आता वाजवणे थांबले आहे, तेव्हा स्वतःसाठी मागण्यासारखे काही उरलेले नाही. पत्र लिहायला निमित्त झाले ते एका इंग्रजी गाण्याचे.

माझ्याकडे शिकायला येणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा परवा मोबाइलवर ते घेऊन आला. 'द व्हर्व्ह' या ब्रिटिश बँडचे १९९७ सालचे 'बिटर स्वीट सिंफनी'. "सर, यातलं व्हायोलिन बसवून द्या." गाणे सुरूच होते तंतुवाद्यांवर. चार कॉर्ड्स (स्वरसमूह) शेवटपर्यंत फिरत राहतात आणि कोमल निषादामुळे आपल्या कानाला खमाज थाटाची आठवण होते. वाजवायला सोपे वाटते, पण पोराचा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, दर वेळी ओळ संपायच्या आत संपायचा. बो कुठे राखायचा, हे दाखवण्यातच तास गेला.

मग त्याने या सुरांची हकिगत सांगितली आणि मी ती नंतर नीट वाचून काढली. ही व्हायोलिन्स मुळात या बँडची नव्हेतच. 'रोलिंग स्टोन्स' या बँडचे तेव्हाचे मॅनेजर अँड्र्यू ओल्डहॅम यांनी साठच्या दशकात त्या बँडची गाणी वाद्यवृंदावर ध्वनिमुद्रित केली होती. त्यांतल्या 'द लास्ट टाइम'ची वाद्यरचना डेव्हिड व्हिटेकर यांची. स्टोन्सच्या मूळ गाण्यात गिटार आहे, ही व्हायोलिन्स नाहीत. त्या वाद्यवृंदातला छोटा तुकडा 'व्हर्व्ह'ने घेतला आणि त्यावर आपले गाणे उभे केले. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. परवानगीपेक्षा जास्त वापरल्याच्या आरोपावरून वाद झाला आणि गाण्याच्या श्रेयात 'स्टोन्स'चे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची नावे लागली, पैसाही तिकडेच गेला. शब्द लिहून गाणारे रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट बावीस वर्षे त्या पैशाविना राहिले. २०१९ मध्ये जॅगर-रिचर्ड्स यांनी आपला हक्क सोडला. वाचून खरेच बरे वाटले. पण व्हिटेकर? ते २०१२ मध्ये वारले. जे सूर ऐकून माझा विद्यार्थी व्हायोलिन घेऊन धावत आला, ते कागदावर उतरवणाऱ्याचे नाव गाण्याच्या श्रेयनामावलीत नव्हते.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? बाबूजींच्या गीतरामायणाच्या कार्यक्रमांत प्रभाकर जोगांचे व्हायोलिन असे. जोगांचे नाव लोकांच्या तोंडी बसले ते मात्र त्यांनी पुढे 'गाणारं व्हायोलिन' सादर केले तेव्हा.

गेल्या आठवड्यातल्या त्या कार्यक्रमाच्या रिहर्सलला मी जाऊन बसलो होतो. संगीत संयोजन करणाऱ्या मुलाने सगळ्या गाण्यांचे पीस, म्हणजे मधले वाद्यांचे तुकडे, जुन्या रेकॉर्डवरून कानाने उतरवले होते आणि प्रत्येक वादकासाठी वेगळे नोटेशन हाताने लिहिले होते. एका गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी बासरी थांबते तिथेच व्हायोलिनने सूर उचलायचा होता. दोन्हींत श्वासाएवढी फट पडत होती. त्या चार ओळी त्याने तीनदा खोडून पुन्हा लिहिल्या. खोडरबराने कागद झिजून पातळ झाला. कार्यक्रमात त्याच जागेला टाळी पडली. गायिका तेव्हा बाटलीतले पाणी पीत होती.

म्हणून विनंती अशी की, कार्यक्रमाच्या वृत्तात संगीत संयोजकाचे आणि वादकांचे नाव वाद्यासह छापावे. जागा कमी पडते, हे मला कळते. चार मान्यवरांतले दोन कमी केले तरी एका ओळीत सहा वादक बसतात. आयोजकांनीही पत्रकारांना देण्याच्या कागदावर ही नावे लिहून द्यावीत. बहुतेक वेळा तीच तिथे नसतात.

त्या कार्यक्रमात तबला, ढोलकी, की-बोर्ड, बासरी, व्हायोलिन आणि ऑक्टोपॅड कोणी वाजवले आणि संयोजन कोणाचे होते, ती सात नावे सोबतच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिली आहेत. उद्याच्या अंकात छापता आली तर पाहावे.

– एक निवृत्त व्हायोलिनवादक, पंचवटी, नाशिक